लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराने वजन का उचलावे

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर. त्याचा खरा अंदाज सायकलवर बसल्यावर येतो. पाथर्डीकडे निघावे तर करंजीचा घाट, छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर इमामपूरचा, आणि अकोल्यापुढे भंडारदऱ्याकडे वळले की 1,646 मीटरच्या कळसूबाईच्या परिसरातले न संपणारे चढउतार. याच जिल्ह्याला तालमींचाही जुना नाद आहे. 2025 ची महाराष्ट्र केसरी नगरमध्येच झाली. तरीही आपला सायकलस्वार वजनांना हात लावायला बिचकतो.

लांब पल्ला आता आपल्याला परका राहिलेला नाही. शेजारच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू 2015 मध्ये सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण करून आले. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ती एकट्याने पार केली. साडेतेरा तासांत 200 किलोमीटरची ब्रेव्हे करणारे तर गावोगावी भेटतात. इतके अंतर कापणाऱ्याला व्यायामशाळा कशाला, असे तुम्हाला वाटले तर ते स्वाभाविकच आहे.

अंग जड होईल, दम कमी होईल, ही भीती जुनी. रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 मध्ये दम आणि ताकद यांचा सराव एकत्र करून पाहिला. काही आठवड्यांनी खुंटली ती ताकदीची वाढ. दमाला धक्का लागला नाही! पुढे नॉर्वेच्या बेंट रॉनेस्टाड आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या सायकलपटूंना 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांसाठी जड वजने दिली. मग 185 मिनिटे सायकल चालवून झाल्यावर पाच मिनिटे जिवाच्या आकांताने पॅडल मारायला लावले. वजन उचलणाऱ्यांची त्या पाच मिनिटांतली कामगिरी सुधारली होती. दिवसभराच्या रपेटीनंतर परतीचा घाट चढलेल्या माणसाला या पाच मिनिटांचे मोल वेगळे सांगायला नको.

कारण समजायला सोपे आहे. मिनिटाला 85 फेऱ्या धरल्या तर एकेक पाय तासाभरात 5,100 वेळा पॅडल दाबतो. पायाची कमाल ताकद वाढली की प्रत्येक दाब त्या ताकदीचा लहानसा हिस्सा होतो, आणि लवकर थकणारे स्नायुतंतू उशिरा कामाला लागतात. हाडांचाही प्रश्न आहे. सायकलवर शरीराचा भार हाडांवर फारसा येत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे केवळ सायकल चालवणाऱ्यांत कण्याच्या हाडांची घनता कमी आढळते.

इथे वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. तालमीतल्या शेकड्यांनी मारलेल्या बैठका उत्तमच, पण तोही पुन्हा दमाचाच सराव. सायकलस्वाराजवळ तो मुबलक असतो. उणीव असते ती मोजक्या आणि जड उचलींची : चार ते दहा आवर्तने, मध्ये पुरेशी विश्रांती. म्हणून पुढील पानांत स्क्वॉटला आणि एका पायाच्या लेग प्रेसला बरीच जागा दिली आहे; दंडांच्या बेटकुळ्यांसाठी दुसरी पुस्तके आहेत.

नवख्या वाचकांनी घाई करू नये. सुरुवातीचे आठवडे रिकाम्या रॉडवर, जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली काढावेत. गुडघ्याचे किंवा कमरेचे जुने दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. घाट निसरडे असतात ते पावसाळ्याचे महिने ताकद कमावण्यासाठी ठेवा. थंडीत लांबच्या फेऱ्या सुरू झाल्या की आठवड्यातला एक दिवसही कमावलेली ताकद टिकवायला पुरतो. तंत्राचे प्रकरण आधी वाचा, वजनांचे तक्ते नंतर.