घाट सरला, गल्ली उरली

शहरातल्या वाहतूककोंडीबद्दल आपण बोलतो, ते बहुधा गाडीत बसलेल्या माणसाच्या बाजूने. पण त्याच गर्दीत कांद्याचा ट्रक असतो, साबणाच्या खोक्यांचा टेम्पोही असतो. माणूस उशिरा पोचला तर चिडतो. मेथीची जुडी उशिरा पोचली तर सुकते. म्हणून आज हा इतिहास मालाच्या बाजूने पाहू.

आमचे मोहोळ पुणे-सोलापूर हमरस्त्यावर आहे, तसेच लोहमार्गावरही. रेल्वे 1859 मध्ये बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला आली आणि 1860 मध्ये मोहोळवरून सोलापूरला पोचली. त्याआधी माल बैलगाडीतून किंवा लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. रेल्वेने दिवसांचा प्रवास तासांवर आणला. पण बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला 1863 मध्ये. तोवर खंडाळ्यापर्यंत आगगाडीने झपाट्याने आलेला माल तिथे उतरवून गाडीरस्त्याने घाटाखाली न्यावा लागे. सगळ्या वाटेचा वेग तिच्या सर्वांत अरुंद जागी ठरतो, हा धडा तेव्हाचाच.

घाट मोकळा झाला आणि ती अरुंद जागा पुढे सरकली, मुंबईच्या गल्ल्यांत. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथल्या पेठा बंदराच्या आणि रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या. पुढे ट्रक आले. गल्ल्या मात्र हातगाडीच्या मापाच्याच राहिल्या. अखेर घाऊक बाजार वाशीला हलवावे लागले. कांदा-बटाट्याचा 1981 मध्ये गेला, फळे आणि भाजीपाल्याचा 1996 मध्ये. शहराचा श्वास थोडा मोकळा झाला खरा; पण वाशीला रिकामा झालेला एक ट्रक अनेक टेम्पोंत वाटला जातो आणि ते टेम्पो पुन्हा खाडी ओलांडून शहरातच शिरतात. गर्दी हलली, संपली नाही. वेशीवरच्या जकात नाक्यांच्या रांगाही होत्याच. वस्तू व सेवा कर आला आणि 1 जुलै 2017 ला मुंबईची जकात गेली. नाका सुटला; पुढचा रस्ता तोच राहिला.

या खोळंब्याचे पैसे कोण भरतो? बाजार भरात असताना माल पोचला तर गिऱ्हाइके चार असतात. उशीर झाला की एकच, आणि भाव तो सांगेल तो. म्हणजे शेतकरी भरतो. डिझेल जळते, हमाल बसून राहतो, ते गिऱ्हाइकाच्या बिलात येते. आणि सकाळी हातगाडी भरणाऱ्या बागवानाची पालेभाजी दुपारी कोणी विचारत नाही. त्याची तूट त्याच्याच घरात राहते.

आज तर फोनवर मागितलेली वस्तू काही मिनिटांत दारात हवी असते. त्या मिनिटांची घाई मोटारसायकलवरच्या पोराच्या जिवावर असते. रस्ते रुंद करण्याला मर्यादा आहेत. पण माल उतरवायला राखीव जागा, त्यासाठी ठरलेली वेळ आणि रात्रपाळीच्या हमालांना उजेड, पाणी, रास्त मजुरी एवढे शहराला देता येईल. बोरघाट फोडायला सुरुंग लागले होते. इथे तेवढेही लागत नाही.