पोरका अडॅप्टर

सॅन होजेहून लॉस एंजेलिसकडे निघालं, की पाचेको खिंड उतरल्यावर पाच नंबरचा हायवे लागतो. मैलोन्‌मैल बदामाच्या बागा, मधूनच गुरांचे प्रचंड गोठे, आणि दर काही अंतरावर चार्जिंगचं स्टेशन. यंदा मे महिन्यात मुलीकडे गेलो असताना आम्ही अशाच एका स्टेशनवर थांबलो. तिची गाडी विजेवरची. पण स्टेशनच्या केबलचं तोंड एका घाटाचं आणि गाडीचं दुसऱ्या. मुलीने डिकीतून कापडी पिशवी काढली, पिशवीतून मुठीएवढा काळा ठोकळा काढला, तो केबलला लावला आणि केबल गाडीला. अडॅप्टर. गाडीच्या कंपनीकडे त्यासाठी काही महिने थांबावं लागणार होतं, म्हणून तिने बाहेरचा, निम्म्या किमतीचा घेतला होता.

दहा मिनिटं सगळं ठीक चाललं. मग पडद्यावरचा किलोवॅटचा आकडा उतरू लागला. मी खाली उतरून ठोकळ्याला हात लावायला गेलो, तर मुलगी ओरडली, "बाबा, हात नका लावू!" तोवर लावून झाला होता. गिझरच्या जुनाट प्लगला येतो तसा चटका. आम्ही चार्जिंग थांबवलं.

पुढचे दोन दिवस तिने तीन ठिकाणी विचारणा केली. गाडीवाले म्हणाले, हा अडॅप्टर आमचा नाही. स्टेशनवाले म्हणाले, गाडीच्या कंपनीने मंजूर केलेलाच वापरावा. विकणाऱ्याने उत्तरच दिलं नाही. माझं सगळं आयुष्य वीज मंडळात गेलं. फॉल्ट झाला की आधी विचारायचं, हा भाग कुणाच्या हद्दीतला? मीटरपर्यंत मंडळाची, मीटरनंतर ग्राहकाची. इथे केबल एकाच्या हद्दीत, गाडी दुसऱ्याच्या, आणि मधला ठोकळा कुणाच्याच नाही. हा असा पोरका कसा झाला, ते शोधायचं म्हणून परतल्यावर वाचायला बसलो.

खरं तर आपल्या घरातही हा इतिहास भिंतीवर आहे. आपली गोल पिनांची सॉकेटं ब्रिटिशांच्या १९३४ सालच्या मानकातली. पाच अँपिअरचं लहान, पंधराचं मोठं. मोठ्याला आपण अजून 'पॉवरचा पॉइंट' म्हणतो. १९४७ मध्ये ब्रिटनने चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं आणि गोल पिना हळूहळू सोडून दिल्या. आपण त्या ठेवल्या. पंधराचा प्लग पाचाच्या पॉइंटात बसवणारे जुगाड ज्या घरात नाहीत असं घर मी नोकरीत क्वचितच पाहिलं, आणि जळलेले पॉइंट बहुतेक तिथलेच.

विजेच्या गाड्यांचं भांडण मात्र कॅलिफोर्नियातलं. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने ईव्ही-१ ही गाडी भाड्याने द्यायला सुरुवात केली. तिच्या चार्जरला पिनाच नव्हत्या. उलथन्यासारखं चपटं प्लास्टिकचं पातं गाडीच्या नाकातल्या खाचेत सरकवायचं. वीज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाणार, उघडा धातू कुठेच नाही, पावसात भिजलं तरी भीती नाही. अभियंता म्हणून मला ही कल्पना आजही देखणी वाटते. पण फोर्ड आणि होंडा यांनी धातूला धातू लावणारा, पिनांचा प्लग पत्करला होता. परिणाम असा, की एकाच वाहनतळावर दोन खांब शेजारी शेजारी उभे, आणि आपल्या खांबासमोर दुसऱ्याची गाडी लागलेली. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने पिनांच्या बाजूने कौल दिला. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने आपल्या पात्यांच्या चार्जरमधून अंग काढून घेतलं. १,११७ ईव्ही-१ बनल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक कंपनीने परत घेऊन चिरडल्या. पाती उरली.

पुढची फेरी जपानची. २०१० च्या मार्चमध्ये टोकियोची वीज कंपनी, निसान, मित्सुबिशी वगैरेंनी मिळून 'चाडेमो' ही संघटना काढली. नाव इंग्रजी शब्दांतून जुळवलेलं, पण त्यात एक जपानी कोटी लपवलेली आहे. 'ओ चा देमो इकागा देसु का', म्हणजे 'चहाबिहा घेणार का?' गाडी चार्ज होईपर्यंत चहा होतो, हा मथितार्थ. (चहा आटोपायचा की रेंगाळायचा, हे त्या काळच्या पन्नास किलोवॅटच्या चार्जरवर अवलंबून होतं.) त्याच वर्षाच्या अखेरीस निसानची लीफ हे तोंड घेऊन रस्त्यावर आली. आणि वर्षभरात, ऑक्टोबर २०११ मध्ये, सात जर्मन-अमेरिकन कंपन्यांनी 'कॉम्बो' नावाच्या वेगळ्याच प्लगला पाठिंबा जाहीर केला. टेस्लाने दोन्हींकडे पाठ फिरवली. २०१२ च्या सप्टेंबरात तिने कॅलिफोर्नियात सहा सुपरचार्जर उघडले, स्वतःच्या सडपातळ प्लगचे, फक्त स्वतःच्या गाड्यांसाठी.

आता कुणी म्हणेल, प्लग वेगळा तर वेगळा. मध्ये एक तुकडा घातला की झालं. तसं होत नाही. जलद चार्जिंगला वीज सोडण्याआधी गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. बॅटरी किती व्होल्टची, आत्ता किती अँपिअर सोसेल, केबल नीट अडकली आहे का, कुठे विजेची गळती तर नाही. हे सगळं ठरल्याखेरीज चार्जर करंट सोडत नाही, आणि चार्जिंग चालू असतानाही ही बातचीत अखंड चालू असते. चाडेमो जी भाषा बोलतो ती कॉम्बोला कळत नाही. टेस्लाची सुरुवातीची भाषा चाडेमोच्या कुळातली होती, पण बोली निराळी. म्हणून तेव्हाचा अडॅप्टर निव्वळ जोड नव्हता, तो दुभाष्या होता. टेस्लाने आपल्या ग्राहकांसाठी चाडेमोचा अडॅप्टर काढला तो ४५० डॉलरचा, आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला बोजड ऐवज. असा दुभाष्या घडवणं गल्लीतल्या कारखान्याचं काम नव्हतं. तो चुकला तर बहुतेक वेळा एवढंच व्हायचं, की गाडी चार्ज होत नसे.

युरोपने २०१४ मध्ये कायदा करून कॉम्बोच्या बाजूने निकाल लावला, आणि पुढे टेस्लालाही तिथल्या गाड्यांना कॉम्बोचं तोंड द्यावं लागलं. अमेरिकेने बाजारावर सोडलं. बाजाराने दहा वर्षं घेतली. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपल्या प्लगचा आराखडा सर्वांना खुला केला आणि त्याला 'उत्तर अमेरिकेचं चार्जिंग मानक' असं भारदस्त नाव दिलं; तेव्हा ते मानक नव्हतंच. पण तिची स्टेशनं सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत भरवशाची होती. मे २०२३ मध्ये फोर्ड आली, जूनमध्ये जनरल मोटर्स, मग रांगच लागली. डिसेंबरात वाहन अभियंत्यांच्या संस्थेने त्या प्लगला जे-३४०० हा क्रमांक दिला. बारसं आधी झालं, जन्म नंतर.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. इतर कंपन्यांच्या गाड्यांना वीज देताना टेस्लाची नवी स्टेशनं कॉम्बोचीच भाषा बोलतात. भांडण मिटलं ते असं: शब्द कॉम्बोचे, तोंड टेस्लाचं. म्हणजे कॉम्बोच्या जुन्या गाडीला दुभाष्या लागेनासा झाला. उरला तो तांब्याच्या जाड दांड्यांचा आणि प्लास्टिकच्या कवचाचा ठोकळा. तो कुणालाही बनवता येतो. गाड्या लाखो, कंपन्यांचे अडॅप्टर महिनोन्‌महिने उशिरा; मधल्या काळात बाहेरच्या उत्पादकांना मोकळं रान मिळालं. आणि धोक्याचं रूपही बदललं. दुभाष्या चुकला तर वीज सुरू होत नव्हती. तांब्याचा ठोकळा चुकला, तर वीज सुरूच राहते.

किती चुकला म्हणजे किती, ते सांगतो. सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. एखाद्या सैल कॉन्टॅक्टचा रोध एक ओहमचा हजारावा भाग धरा. घरच्या पंधरा अँपिअरला तिथे पाव वॅटसुद्धा उष्णता होत नाही. कुणाला कळणारही नाही. हायवेवरचा चार्जर पाचशे अँपिअर देऊ शकतो. त्याच सांध्यात आता अडीचशे वॅट. हजार वॅटच्या इस्त्रीची चौथाई धग, मुठीत मावणाऱ्या डब्यात. गाडीच्या तोंडाशी आणि केबलच्या टोकाशी तापमानाचे सेन्सर असतात, ते तापलं की करंट उतरवतात. पण अडॅप्टर मध्ये आला की एका सांध्याचे दोन होतात, आणि त्याच्या पोटात काय तापतं आहे ते बाहेरच्या सेन्सरना उशिरा कळतं. शिवाय ही वीज डीसी. घरची एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी ताणली तरी जळत राहते. म्हणून चार्जिंग चालू असताना जोड निसटता कामा नये, त्याला भक्कम कुलूप हवं.

आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, की असा अडॅप्टर गाडीच्या किंवा चार्जरच्या उत्पादकाने मंजूर केलेला असावा. अमेरिकेत युएल या चाचणी संस्थेने अडॅप्टरसाठी २२५२ क्रमांकाचं वेगळं मानक काढलं आहे. ते पाहून घ्यावं हे खरं. पण कंपनीचा शिक्का म्हणजे निर्धोक, असंही समजू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द फोर्डने आपण वाटलेल्या काही अडॅप्टरांचा वापर थांबवायला सांगून ते बदलून दिले. चार्जिंगचा वेग उतरण्याची आणि गाडीचं तोंड बिघडण्याची शक्यता होती. फरक एवढाच, की तिथे बदलून देणारा कुणीतरी होता.

आपल्याकडे हे नाटक थोड्या वेगळ्या वळणाने झालं. २०१७ मध्ये 'भारत डीसी-००१' हा पंधरा किलोवॅटचा चार्जर ठरला, त्याचा प्लग चिनी घाटाचा. महिंद्राची ई-व्हेरिटो आणि टाटांची पहिली टिगोर या बहात्तर व्होल्टच्या गाड्या त्यावर चालत. डिसेंबर २०१८ च्या सरकारी नियमांत सार्वजनिक स्टेशनवर चाडेमो, कॉम्बो आणि भारत असे सगळे घाट ठेवणं बंधनकारक होतं. पाच पाहुण्यांसाठी पाच स्वयंपाक. ऑक्टोबर २०१९ मध्ये ती सक्ती उठली, आणि जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन कॉम्बो-२ चं तोंड घेऊन आली तेव्हा चारचाकींचा वाद जवळपास संपला. भारत डीसीचे खांब मागे राहिले. त्यांना अडॅप्टरही तारू शकत नाही. बहात्तर व्होल्टसाठी बांधलेला चार्जर तीनशेच्या वरची बॅटरी भरणार कशी? दुचाकींत मात्र अजून घरोघरी मातीच्या चुली. एथरने आपला प्लग २०२१ मध्ये खुला केला आणि २०२३ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला, तरी सगळे तिकडे गेलेले नाहीत.

मुलीला ऑगस्टमध्ये कंपनीचा अडॅप्टर मिळाला. जुना ती कचऱ्यात टाकणार होती. मी सामानातून साताऱ्याला आणला होता, हे तिला मागाहून सांगितलं. गणपती झाल्यावर एका दुपारी तो पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडला. दोन दांड्यांपैकी एकीवरचा चांदीचा मुलामा टोकाशी काळानिळा पडला होता आणि तिथली स्प्रिंग बोटाने दाबली तर उसळी घेत नव्हती. दुसरी ठणठणीत. तापमानाचा सेन्सर आत कुठेच नव्हता. फोटो काढून मुलीला पाठवले. तिचा उलट प्रश्न आला: "बाबा, हे बाहेरून कसं ओळखायचं?"

बाहेरून दिसण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं. उत्पादकाचं नाव होतं, ते विकणाऱ्याचंच.