थेंब नखावर घेऊन पाहणे

येत्या महिन्यात आमच्या महाविद्यालयात कापडाची रंगाई व छपाई ह्या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा व्हावयाची आहे. इतिहासाचा अध्यापक म्हणून प्रास्ताविक व्याख्यान माझ्याकडे आले. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा हाती पडला. उद्घाटक, अध्यक्ष, व्याख्याते, सगळ्यांची नावे पदव्यांसह होती. ज्या रंगाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवायचे त्यांचा उल्लेख मात्र 'प्रात्यक्षिक : एक कारागीर' एवढाच. दोन दिवस राबणार ते. पाऊण तास बोलणाऱ्या माझे नाव ठळक टाइपात. घराण्यात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या माणसाला आपले नाव छापलेले पाहून बरे वाटते, हे मी नाकारत नाही. पण ही चूक छापखान्याची नव्हती. ती फार जुनी आहे, आणि तिचा माग काढताना मला दोन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागले.

पहिला ग्रंथ मनुस्मृती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जिचे दहन झाले तीच. तिच्या दहाव्या अध्यायात, वरच्या वर्णांवर व्यापार करून जगण्याची पाळी आलीच तर त्यांनी काय विकू नये, ह्याची लांबलचक यादी आहे. त्या यादीत रंगविलेले वस्त्र आहे. थोडे पुढे गेले की मद्याच्या पंगतीला नीळ आणि लाख बसविलेली आहेत. ज्या रंगांवाचून राजवाडे सजत नाहीत ते विकणे हीन! ह्याच अध्यायात चांडाळाने काय नेसावे हेही सांगितले आहे : प्रेतावरची वस्त्रे. नीळ कुंडात कशी भिजते, लाखेतून लाल कसा काढतात, ह्याबद्दल मात्र अक्षर नाही. ज्याला हात लावायचा नाही त्याची कृती लिहून ठेवण्याची गरजच काय?

दुसरा ग्रंथ विनयपिटकातील महावग्ग. त्याच्या आठव्या खंधकात चीवराचा विचार आहे, आणि रंगाईच्या कार्यशाळेची ह्याहून चांगली टिपणे मला तरी कोठे आढळली नाहीत. आरंभी भिक्खू शेणाने व पिवळट मातीने चीवरे रंगवीत. रंग वाईट येई. मग सहा रंगांना अनुज्ञा मिळाली : मुळाचा, खोडाचा, सालीचा, पानाचा, फुलाचा, फळाचा. न उकळलेल्या रंगाने चीवराला घाण येऊ लागली, तेव्हा रंग उकळण्यासाठी भांडे आले. तो उतू जाऊ लागला, तेव्हा उतू न जाण्याची सोय आली. रंग शिजला की नाही हे कसे ओळखायचे? थेंब पाण्यात सोडून पाहा, नाहीतर नखावर घेऊन पाहा. चीवर जमिनीवर वाळत घातले तर धूळ लागली. गवतावर घातले तर वाळवीने खाल्ले. शेवटी बांबू व दोरी आली. दोरीवर मधोमध बांधले तर दोन्हीकडून रंग ओघळला, म्हणून टोकाशी बांधावे, वारंवार उलटावे, आणि थेंब गळायचे थांबेपर्यंत तेथून हलू नये.

धर्मग्रंथात ही वाळवी आणि हे ओघळ कशासाठी? कारण चीवर रंगविणारा हात आणि धम्म सांगणारे तोंड एकाच माणसाचे होते. आणि ते चीवर पुष्कळदा स्मशानातून, उकिरड्यावरून उचललेल्या चिंध्यांचे असे. पांसुकूल म्हणतात ते हेच. प्रेतावरचे वस्त्र एका ग्रंथात शिक्षा आहे. दुसऱ्यात ते धुऊन, शिवून, रंगवून आदराने पांघरले जाते.

येथे भाबडेपणा नको. पाली वाङ्मयातही विणकर, चर्मकार, कुंभार, न्हावी ह्यांची शिल्पे हीन गणली गेल्याची नोंद आहे. भोवतालचा समाज तसाच होता. पण ती नोंद ज्या नियमात येते तो नियम अशा शिल्पावरून भिक्खूला हिणवण्यास मनाई करणारा आहे.

कार्यशाळेसाठी मागविलेल्या सामानाची यादी साधी आहे : सुती कापड, हिरड्याची भुकटी, तुरटी, हिराकस, मंजिष्ठ, डिंक, लाकडी ठसे. ह्यातले मर्म विद्यार्थ्यांना आधी सांगायला हवे. ठशाने लाल रंग छापायचा नसतो. डिंकात कालवलेली तुरटी छापायची असते. मग कापड मंजिष्ठाच्या पाण्यात उकळले की तुरटी असेल तेथे लाल धरतो, एरवीचा धुऊन निघतो. हिरडा दिलेल्या कापडावर हिराकस छापला तर काळा उमटतो. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती तुकडा मंजिष्ठाच्या जातीच्या रंगाने रंगविलेला होता, म्हणजे हे ज्ञान चार हजार वर्षांचे. १८६८ साली ग्रेबे व लिबरमान ह्या जर्मनांनी मंजिष्ठातले रंगद्रव्य डांबरापासून बनविले. त्यांची नावे रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. तुरटीचा गुण ज्यांनी प्रथम हेरला त्यांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत. त्यांनाही आपण 'एक कारागीर' म्हणूनच सोडून दिले.

मसुदा बदलून घेण्यासाठी दोन बैठका लागल्या. "त्यांची पदवी काय लिहायची?" असा प्रश्न निघाला, आणि तो विचारणाराही आपल्यातलाच होता. व्याख्याते म्हणून नाव घालायचे ठरले, तेव्हा ते विचारून घ्यायला मी रंगाऱ्यांच्या घरी गेलो. त्यांनी नाव सांगितले, पण विषय तेथेच सोडला. कापड किती किलो आहे ते विचारले, कारण तुरटी कापडाच्या वजनावर काढतात, किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम. खळ काढली आहे का, विचारले. मग म्हणाले, "सर, पाणी कुठलं देणार? बोअरचं असेल आणि त्यात लोखंड असेल, तर तुमचा लाल काळवंडेल."

हे मला ठाऊक नव्हते. बोअरच्या पाण्याची बाटली रसायनशास्त्र विभागात तपासायला दिली आहे. मागच्या अंगणात दोरी बांधायची जागा ते स्वतः येऊन पाहणार आहेत.