जुळ्या हार्ड डिस्क (रेड-१) : संगणक सुरू होतानाचे बिघाड

एकच मजकूर दोन हार्ड डिस्कवर एकाच वेळी लिहीत राहण्याची रचना. एक निकामी झाली तरी दुसरीवर काम चालू राहते. ही पद्धत ‘रेड’ या नावाआधीची. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या संशोधकांनी १९८८ च्या निबंधात तिला पहिली पातळी म्हटले. डेस्कटॉपवर ही जोडी मदरबोर्ड, विंडोज किंवा लिनक्स यांपैकी कोणीतरी बांधलेली असते. ती कोणी बांधली, हे आधी पाहावे. पुढचे सगळे त्यावर ठरते.

जोडी फुटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे अचानक गेलेली वीज. एका डिस्कवर शेवटचा मजकूर उतरतो, दुसरीवर राहून जातो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हा धोका वाऱ्यापावसाबरोबर येतो. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टै, पेरावुरणी भागात नारळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा ठिकाणी हिशेबाच्या संगणकाला यूपीएस हवाच.

संगणक बराच काळ विजेवाचून पडून राहिला की दुसरा बिघाड संभवतो, आणि तो पटकन लक्षात येत नाही. मदरबोर्डावरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा गोल सेल संपलेला असेल, तर घड्याळ मागे जाते, बायोसची मांडणी मूळपदावर येते आणि साटाचा ‘रेड’ पर्याय ‘एएचसीआय’ होऊन बसतो. मग दोन्ही डिस्क सुट्या दिसतात किंवा विंडोज निळ्या पडद्यावर थांबते. डिस्क धडधाकट असतात. सेल बदलून पर्याय पूर्ववत करावा. सुट्या डिस्कवरून विंडोज चालू देऊ नये, कारण तेवढ्यात एकीवर नवे लिहिले जाते आणि दोघींत फरक पडतो.

सुरुवातीच्या पडद्यावर ‘डिग्रेडेड’ आले, तर जोडीतली एक बाहेर पडलेली असते. लिनक्समध्ये जोडीची स्थिती दाखवताना दोन ‘यू’ऐवजी एक ‘यू’ आणि एक आडवी रेघ दिसते. प्रथम संगणक बंद करून केबल काढून घट्ट बसवावी. स्मार्ट नोंदीत सीआरसी चुका वाढत असतील तर संशय केबलवर घ्यावा. बदललेले किंवा प्रलंबित सेक्टर वाढत असतील तर डिस्कवर. टकटक आवाज येणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये.

खरा घात होतो तो ‘रीबिल्ड’मध्ये, म्हणजे एका डिस्कवरून दुसरी पुन्हा जुळवून घेताना. जुनी डिस्क मूळ मानली गेली, तर ताजा मजकूर तिच्याखाली पुसला जातो, आणि तो परत मिळवणे जवळजवळ अशक्य. म्हणून बटण दाबण्यापूर्वी एकेक डिस्क स्वतंत्रपणे, काहीही न लिहिता उघडावी, शेवटच्या फायलींच्या तारखा ताडाव्यात, ताजी कोणती ते तिच्या लेबलवरच्या अनुक्रमांकासह कागदावर लिहावे आणि तिची प्रत तिसऱ्या डिस्कवर काढावी. ही तिसरी प्रत मुळातच असायला हवी: चुकून पुसलेली फाइल दोन्ही जुळ्या डिस्कवरून एकाच क्षणी नाहीशी होते. एक टेराबाइटची जोडी सेकंदाला दीडशे मेगाबाइट वेगाने जुळायलाही दोन तासांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ संगणक यूपीएसवर ठेवावा.

लिनक्समध्ये आणखी एक अडचण येते. मजकूर दोन्हीकडे असतो, पण संगणक सुरू करून देणारा बूटलोडर अनेकदा पहिल्याच डिस्कवर बसवलेला असतो. ती गेली की दुसरी शाबूत असूनही संगणक सुरू होत नाही. बूटलोडर दोन्हींवर बसवून, एकेक डिस्क काढून संगणक सुरू होतो का, हे जोडी बांधली त्याच दिवशी पाहावे.