जेबीपीएम व त्याचे वंशज : मुक्तस्रोत कार्यप्रवाह-प्रणालींतील दिशाभ्रम

एकाच कार्यासाठी अनेक साधने निर्माण व्हावीत, ही संगणनाच्या इतिहासात नवलाची गोष्ट नव्हे. परंतु एकाच संस्थेच्या छत्राखाली, एकाच वेळी, एकाच प्रयोजनासाठी निरनिराळे गट निरनिराळ्या प्रणाली रचीत आहेत आणि त्यांपैकी पुढे कोणती टिकणार याचा अंदाज बाहेरच्या माणसास येऊ नये, असा प्रसंग विरळा. जेबॉस या मुक्तस्रोत समूहात 2007 ते 2011 या काळात असा प्रसंग ओढवला. त्याची फळे त्या समूहाच्या बाहेर आजही भोगली जात आहेत.

कार्यप्रवाह-प्रणाली म्हणजे काय, हे मराठी वाचकास कचेरीतील नस्तीवरून चटकन ध्यानात येईल. नस्ती कारकुनाकडून अधीक्षकाकडे जाते, टिपणी होऊन वर चढते, शेरा घेऊन खाली येते; कधी एका टेबलावर तीन आठवडे निजून राहते. हा प्रवास कसा व्हावा याचे वर्णन ज्या लिपीबद्ध भाषेत करावयाचे, ती कार्यप्रवाहाची भाषा. आणि ते वर्णन वाचून प्रत्येक प्रकरण पुढे ढकलणारी, थांबलेल्या प्रकरणाची आठवण ठेवणारी यंत्रणा म्हणजे इंजिन. प्रकरण महिनोन्महिने चालते, ही गोष्ट येथे कळीची आहे. टंकलेखनयंत्र बदलावे तसे इंजिन बदलता येत नाही, कारण वाटेत असलेल्या सहस्रावधी नस्त्या जुन्या इंजिनाच्या पोटात असतात.

या क्षेत्रात भाषाविषयक एकवाक्यता आणण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. 1993 साली वर्कफ्लो मॅनेजमेंट कोअ‍ॅलिशन स्थापन झाले. 1995 मध्ये त्याने आपला संदर्भ-आकृतिबंध प्रसिद्ध केला आणि 2002 मध्ये एक्सपीडीएल ही विनिमयभाषा दिली. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टची एक्सलँग आणि आयबीएमची डब्ल्यूएसएफएल या दोन भाषांचा संकर होऊन 2002 मध्ये बीपेल अवतरली. पहिली भाषा खंडबद्ध, म्हणजे वाक्यात वाक्य गोवणारी; दुसरी आलेखबद्ध, म्हणजे बिंदू व त्यांना जोडणारे बाण यांची. संकरात दोन्ही व्याकरणे शाबूत राहिली आणि एकच अर्थ दोन रीतींनी मांडण्याची सोय झाली. ही तडजोड करारपत्रास शोभणारी होती, भाषेस नव्हे. शिवाय बीपेलमध्ये माणसाला स्थानच नव्हते; ती यंत्रांनी यंत्रांशी बोलावयाची भाषा होती. अधीक्षकाच्या टेबलाची सोय करण्याकरिता आयबीएम व सॅप यांना 2005 साली पुरवणी सुचवावी लागली.

या पार्श्वभूमीवर बेल्जियन तंत्रज्ञ टॉम बायन्स यांचे जेबीपीएम पुढे आले. 2004 मध्ये ते जेबॉसमध्ये सामील झाले. 2006 मध्ये जेबॉस स्वतःच रेड हॅटच्या मालकीचे झाले. जेबीपीएमची भाषा जेपीडीएल ही कोणत्याही समितीने घडविलेली नव्हती. ती साधी, आलेखबद्ध, जावा लिहिणाऱ्यास एका बैठकीत कळणारी होती, आणि तिच्यात माणसाच्या कामाला पहिल्यापासून जागा होती. जेबीपीएमच्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रसाराचे श्रेय पुष्कळ अंशी या सुबोधतेस द्यावयास हवे.

परंतु प्रमाणभाषांचा आग्रह धरणारे ग्राहक होतेच. त्यांना उत्तर म्हणून बायन्स यांनी बोनिटा प्रकल्पाच्या मिगेल वाल्देस फाउरा यांच्या सहकार्याने 2007 मध्ये ‘प्रोसेस व्हर्च्युअल मशीन’ची कल्पना मांडली. कार्यप्रवाहाच्या भाषा अनेक असणारच. त्यांच्या तळाशी असलेली सामाईक रचना मात्र एक आहे, तेव्हा ती एकदाच बांधावी आणि तिच्यावर जेपीडीएल, बीपेल, एक्सपीडीएल अशा भाषा चढवाव्यात, असे तिचे थोडक्यात स्वरूप. सर्व भाषांच्या मुळाशी एक सार्वत्रिक व्याकरण शोधणाऱ्या भाषावैज्ञानिकांस ही भूमिका परकी वाटू नये. 2009 मध्ये आलेली जेबीपीएमची चौथी आवृत्ती याच पायावर उभी होती.

त्याच वेळी त्याच घरात दुसरा संसार मांडला जात होता. ड्रूल्स हे नियमाधारित अनुमानाचे इंजिन 2005 पासून जेबॉसमध्ये होते. ‘अमुक असेल तर तमुक करावे’ असे नियम कोणत्या क्रमाने लावावेत, हे सांगण्यासाठी त्यात प्रवाहाची सोय आली आणि क्रिस व्हर्लानेन यांच्या हाताखाली ती वाढत जाऊन 2009 च्या पाचव्या आवृत्तीत ‘ड्रूल्स फ्लो’ हे एक स्वतंत्र कार्यप्रवाह-इंजिनच होऊन बसले. शिवाय बीपेलसाठी ॲपाची ओडीई या तिसऱ्याच प्रकल्पावर आधारलेले रिफ्टसॉ निघाले. म्हणजे सार्वत्रिक तळ बांधणारे एकीकडे बांधीत होते आणि ज्या भाषा त्या तळावर यावयाच्या, त्या शेजारी आपापला तळ घेऊन उभ्या होत्या.

हा केवळ संवादाचा अभाव होता, असे म्हणून प्रश्न सुटत नाही. ड्रूल्सच्या मंडळींचे म्हणणे तर्कशुद्ध होते: नियम आणि प्रवाह एकाच ज्ञानाची दोन अंगे असल्याने दोघांची स्मृतीही एकच असावी. बायन्स यांच्या दृष्टीने प्रवाहाचे इंजिन लहान, स्वतंत्र, दुसऱ्याच्या पोटात बसविता येण्याजोगे असावयास हवे होते. दोन्ही गृहीते एकाच वेळी पाळणे शक्य नव्हते. निवड करणे भाग होते आणि ती लांबली, एवढाच दोष संस्थेच्या पदरी घालता येईल. पण तो लहान नव्हे.

2010 च्या वसंतात बायन्स आणि त्यांचे सहकारी जोराम बॅरेझ रेड हॅट सोडून अल्फ्रेस्कोत गेले. अल्फ्रेस्कोच्या दस्तऐवज-प्रणालीत जेबीपीएम वापरात होते; त्याच्या एलजीपीएल परवान्याऐवजी अधिक सैल असा ॲपाची परवाना त्या कंपनीस हवा होता. दोघांनी ‘ॲक्टिव्हिटी’ नावाचे इंजिन नव्याने लिहावयास घेतले आणि त्याच्या आवृत्त्या एकपासून न मोजता पाचपासून मोजल्या. सूचना स्पष्ट होती: जेबीपीएम चारचे खरे पुढचे पाऊल ते हे. इकडे फेब्रुवारी 2011 मध्ये रेड हॅटने जेबीपीएम पाच प्रसिद्ध केले. त्याचा देह मात्र ड्रूल्स फ्लोचा होता. एकाकडे नाव आले, वंश नाही. दुसऱ्याकडे कर्ते आले, नाव नाही. अशा दोन पाचांमध्ये चौथी आवृत्ती निराधार झाली. ज्यांनी तिसरीवरून चौथीवर जाण्याचा खटाटोप केला होता, त्यांना पाचवीकडे जाण्याचा सरळ मार्ग दोन्ही घरी नव्हता. या प्रकरणातील खरी हानी त्यांची आहे, आणि वादाच्या इतिहासात तिची नोंद क्वचितच होते.

जानेवारी 2011 मध्येच ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने बीपीएमएन 2.0 अंतिम स्वरूपात प्रसिद्ध केले. पूर्वी जे केवळ चित्रलेखन होते, त्यास आता लिखित रूप आणि क्रियार्थ दोन्ही लाभले. ॲक्टिव्हिटी आणि जेबीपीएम पाच या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी हीच भाषा पत्करली. 2007 ची अपेक्षा एक इंजिन व अनेक भाषा अशी होती; प्रत्यक्षात एक भाषा व अनेक इंजिने झाली.

ती एक भाषा तरी एक राहिली काय? एखादे काम कोणाकडे सोपवावे, हे सांगण्यास बीपीएमएनच्या प्रमाण व्याकरणात एकात एक गुंतलेली तीन पदे लिहावी लागतात. बोलणारा प्राणी एवढे कष्ट घेत नाही. ॲक्टिव्हिटीने आपल्या नावाचा उपसर्ग लावून एका शब्दात तेच सांगण्याची सोय केली. 2013 च्या मार्चमध्ये बर्लिनच्या कामुंडा कंपनीने ॲक्टिव्हिटीपासून आपला फाटा काढला. 2016 मध्ये टाइस राडेमाकर्स आणि जोराम बॅरेझ यांनी ‘फ्लोएबल’ हा आणखी एक फाटा काढला. शब्द तोच राहिला, उपसर्ग बदलत गेला. तात्पर्य, चित्र तिन्ही घरी एकसारखे दिसते. आतला मजकूर मात्र एका घरचा दुसऱ्या घरी जसाच्या तसा चालेल याची शाश्वती नाही. प्रमाणभाषेखाली बोली अशाच जगतात.

वंश लपविता मात्र येत नाही. हस्तलिखितांच्या शाखा ठरविताना पाठचिकित्सक निरर्थक वाटणाऱ्या समान खुणा शोधतो, कारण अर्थपूर्ण साम्य कोठूनही येऊ शकते, निरर्थक साम्य वारशानेच येते. कामुंडाच्या सातव्या आवृत्तीत आणि फ्लोएबलमध्ये, चालू कामांची नोंद ज्या कोष्टकांत होते त्यांच्या नावांच्या आरंभी ‘एसीटी’ ही तीन अक्षरे आहेत. ती ॲक्टिव्हिटीची आद्याक्षरे. ती बदलावयाची म्हणजे वाटेतल्या सर्व नस्त्यांना हात लावावयाचा; म्हणून कोणी बदलली नाहीत.

पुढील हकीकत थोडक्यात अशी. जेबीपीएमची धारा 2023 मध्ये ॲपाची प्रतिष्ठानच्या उमेदवार प्रकल्पांत गेली. कामुंडाने 2022 मध्ये आठवी आवृत्ती झीबी या सर्वस्वी निराळ्या इंजिनावर उभारली आणि सातवीची समुदाय-आवृत्ती ऑक्टोबर 2025 मध्ये थांबविली. त्याआधीच, 2024 मध्ये, सातवीचे वापरकर्ते तिच्यापासून ‘ऑपरेटन’ नावाचा फाटा काढून मोकळे झाले होते. त्याच्या कोष्टकांची नावेही त्याच तीन अक्षरांनी सुरू होतात.