कुंडलचा बांध

कुंडल डोंगराच्या कुशीत वसलेलं आहे. पश्चिमेला कृष्णा, पूर्वेला येरळा आणि डोंगरात पाझरणारं झरी पार्श्वनाथ. आज ते सांगली जिल्ह्यातलं उसाचं गाव आहे, पण आमची आज्जी ज्या कुंडलात नांदायला आली ते पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानचं होतं. संस्थानची ७२ गावं कधी सलग नव्हतीच. औंध खटावाच्या बाजूला, आटपाडी माणदेशात, गुणदाळ पार विजापूरकडे आणि कुंडल इकडं कृष्णाकाठाजवळ. भोवताली बहुतेक इंग्रजांचा खालसा मुलूख. आज्जी सांगायची, “ह्या बांधाला पंत, त्या बांधाला सायब. सायबाचा पोलीस बांधापाशी घुटमळायचा बघ.”

कुंडलच्या इतिहासात जे मोठं घडलं, त्यातलं बरंचसं या बांधामुळं घडलं असं मला वाटत आलंय. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला, वर १०,००० रुपये कर्ज. निवडुंग आणि सापांचा तो माळ १९१० साली वस्तीला आला. लोखंडानं रान नासतं, या समजुतीपायी शेतकरी आधी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला हात लावत नव्हते. आमचे पणजोबाही त्यातलेच, आणि पुढं त्यांच्याच दावणीचे बैल त्या नांगराला जुंपले गेले. स्टेशनचं नावही मग किर्लोस्करवाडी झालं. १९२० पासून तिथून निघणारं मासिक मराठी घराघरांत जाऊ लागलं. १९३९ साली तर संस्थाननं गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटनाच केली आणि कारभार पंचायतींच्या हाती दिला.

अशा गावात १९४२ नंतर इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत प्रतिसरकारनं मूळ धरलं, याचं नवल वाटत नाही. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, त्यांची तुफान सेना. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली, ती हकिगत आज्जी डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगायची. गावोगावचे तंटे प्रतिसरकारच्या न्यायमंडळापुढं मिटत होते, कमी खर्चातली गांधी लग्नं लागत होती. भूमिगतांच्या भाकरी ती पाटीत तळाशी ठेवी आणि वर शेणी रचून रानात नेई. त्या भाकरीचा उल्लेख कुठल्या कागदात सापडायचा नाही, म्हणून तो इथं मुद्दाम करतो.

८ मार्च १९४८ ला औंध विलीन झालं, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याला सांगली नाव मिळालं. कागदावरचा बांध गेला.

माझं हे बांधाचं म्हणणं आमच्या तात्यांना मात्र कधी पटलं नाही. ते आज्जीचे धाकटे भाऊ, खालसातले. येडेमच्छिंद्र खालसात, शेणोली खालसात. “तुमच्या कुंडलला आडोसा तरी होता,” ते म्हणायचे. “आमच्याकडं पोलीस थेट दारात यायचा. माणसं मार खायची, घरावर जप्ती यायची. तरी आमच्या आयांनी भाकरी थापल्याच की. त्यांच्या पाठीशी कुठला पंत होता?” आज्जी यावर कधी वाद घालायची नाही. ती म्हणायची, “खरं हाय त्याचं. लिहिलंस तर आधी त्यांचं लिही.”