'शब्दांधत्व' : एका संज्ञेचा इतिहास

वाचनदोषाच्या अभ्यासाचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट सहज नजरेत भरते. हा दोष प्रथम ज्यांनी वर्णिला ते बहुतेक नेत्रवैद्य अथवा मेंदूच्या विकारांचे वैद्य होते. भाषेचा अभ्यास हा त्यांचा व्यवसाय नव्हता. आडॉल्फ कुस्माउल या जर्मन वैद्याने १८७७ मध्ये, मेंदूच्या विकारामुळे वाचनशक्ती गमावलेल्या रोग्यांच्या संदर्भात 'शब्दांधत्व' ही संज्ञा योजिली. श्टुटगार्टचा नेत्रवैद्य रुडॉल्फ बेर्लिन याने १८८७ च्या आपल्या पुस्तिकेत अशाच प्रौढ रोग्यांसाठी 'डिस्लेक्सिया' हा शब्द वापरला. आज हा दुसरा शब्द टिकला आहे. पण प्रारंभीच्या काळात बळ होते ते पहिल्याचे. त्यातील 'अंध' या पदाने संशोधकांचे लक्ष दीर्घकाळ डोळ्यांपाशीच खिळवून ठेवले आणि या मुलांच्या बोलण्याकडे पाहू दिले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मताला मुख्य आधार आहे तो पर्सी नावाच्या मुलाचा. इंग्लंडमधील सीफर्ड येथील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत दिली. मेंदूला इजा नाही, दृष्टी उत्तम, गणित चांगले. वाचता मात्र येत नाही. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याचे शिक्षक म्हणत. या अभिप्रायाने पुढे मोठा गैरसमज झाला. तोंडी चांगले समजते, त्याअर्थी भाषा निर्दोष आहे, असे गृहीत धरले गेले. पण मॉर्गन यांनीच नोंदविलेले श्रुतलेखन पाहावे. 'इंग्लिश'च्या जागी 'इंग्लिस', 'शिलिंग'च्या जागी 'सेनिंग'. स्वतःचे नाव लिहिताना 'र' पुढचा मागे गेलेला. श्रुतलेखनात डोळ्यांपुढे अक्षर नसते. कानावर पडलेल्या शब्दाचे ध्वनी क्रमाने सुटे करून ते हाताकडे पोचवावे लागतात. मॉर्गन यांनी या चुकांचा उलगडा शब्दांची दृश्य प्रतिमा मनात साठत नाही असा केला. तो त्या काळाला धरून होता. परंतु 'श'चा 'स' आणि 'ल'चा 'न' होतो तेथे कोणाही ध्वनिशास्त्रज्ञाला निराळी शंका यावी.

ग्लासगोचे नेत्रशल्यज्ञ जेम्स हिन्शेलवुड यांनी १९१७ च्या ग्रंथात दृश्य स्मृतीचीच उपपत्ती दृढ केली. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये उलट्या दिसणाऱ्या अक्षरांवर भर दिला. तथापि १९३७ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच वाचन व लेखन यांच्या जोडीला बोलणेही आहे, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे.

खरे वळण आले ते १९७० नंतर. इझाबेल लिबरमन व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा होता. मुलांनी शब्द ऐकावा आणि त्यात जितके घटक असतील तितक्या वेळा मेजावर लाकडी दांडी आपटावी. चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना अवयव, म्हणजे 'सिलॅबल', मोजता आले. स्वनिम एकालाही मोजता आले नाहीत. सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण अनुक्रमे ९० व ७० टक्के होते. स्वनिमाची जाणीव बोलण्याबरोबर आपोआप येत नाही, हे यावरून दिसून आले, आणि वाचनदोषाचे मूळ तेथे शोधले जाऊ लागले. १९७६ मध्ये डेंक्ला व रुडेल यांनी दाखविले की, अशी मुले रंगांची व वस्तूंची परिचित नावेही सावकाश उच्चारतात. तेथे वाचण्याजोगे काहीच नसते! ह्यू कॅट्स यांना १९८६ मध्ये असे आढळले की, वाचनदोष असलेले किशोरवयीन विद्यार्थी लांब, गुंतागुंतीचे शब्द पुन्हा म्हणताना इतरांहून अधिक चुकतात.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. मोराइस व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांची परीक्षा घेतली, तेव्हा शब्दाच्या आरंभीचा एक ध्वनी वगळणे वा जोडणे त्यांना फारसे जमले नाही. म्हणजे ध्वनींची जाणीव काही अंशी वाचनाचेच फळ आहे. मग वाचनदोष असलेल्यांच्या बोलण्यातील उणीव हे कारण की परिणाम? या प्रश्नाला हॉलिस स्कारबरो यांच्या १९९० च्या अभ्यासाने वजनदार उत्तर दिले. पुढे वाचनात मागे पडलेली मुले अडीच वर्षांची असतानाच इतरांपेक्षा आखूड व साधी वाक्ये बोलत होती आणि त्यांचे उच्चार कमी अचूक होते. त्या वयात पुस्तकाचा संबंध येत नाही. अर्थात वाचनदोष असलेले प्रत्येक मूल अडखळत बोलते असे नव्हे. आणि तोतरे बोलणारे प्रत्येक मूल वाचनात अडते असेही नव्हे.

वरील प्रयोगांपैकी बरेचसे इंग्रजी भाषकांवरील आहेत, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. देवनागरीत मूल बाराखडी शिकते, म्हणजे व्यंजन व स्वर एकत्र बांधलेले अक्षर शिकते. सुटा स्वनिम त्याच्यापुढे येतो तो मुख्यतः जोडाक्षराच्या वेळी. शिवाय मराठीत 'नुकसान'चे 'नुसकान' अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. ध्वनींचा हा व्यत्यास त्या बोलीचे रूप आहे, बोलणाऱ्याचा दोष नव्हे. उच्चारांची चाचणी घेणाऱ्याने मुलाच्या चुका मोजण्यापूर्वी त्याच्या आईचे बोलणे ऐकलेले असावे.